प्रभारी मुख्याध्यापक

(लोहारा, जि. यवतमाळ येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानातून)



मुख्याध्यापक म्हटलं की टेबल, घंटा आणि कपाटाच्या किल्ल्या डोळ्यांपुढे येतात. किल्ल्या खऱ्या, पद असेलच असं नाही. आपल्या जिल्ह्यात द्विशिक्षकी शाळा गावोगाव आहेत. दोघांतला जो सेवाज्येष्ठ, त्याच्याकडे पदभार. तो वर्ग घेता घेता पोषण आहाराचा तांदूळ मोजून देतो, पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम. ऑनलाइन माहिती भरतो आणि केंद्रप्रमुखांचा फोन वाजला की व्हरांड्यात येतो. तेवढा वेळ वर्ग कोणी सांभाळला, याला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

या शाळा चालवणाऱ्या जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या. त्यांची शिफारस करणारी समिती होती आपल्याच गहुलीच्या वसंतराव नाईकांची. गावची शाळा गावाजवळच्या सत्तेकडे यावी, हा विचार बरोबरच होता. शिक्षण हक्क कायदाही चांगलाच; तो १ एप्रिल २०१० ला लागू झाला. पण त्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेला मुख्याध्यापक मिळतो तो दीडशेच्या वर पट असेल तरच. उच्च प्राथमिकला शंभराच्या वर. आता झरी-जामणीच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, दीडशे मुलं आणायची कुठून? उलट, दिवाळीनंतर कापूस वेचायला, ऊस तोडायला घरंच्या घरं निघतात, तेव्हा ‘पोरगं आजीजवळ ठेवा हो’ म्हणत दारोदार फिरायचं काम याच लहान शाळांत जास्त. पट कमी म्हणून पद नाही, आणि पट टिकवायची जबाबदारी मात्र त्याच प्रभारी माणसावर!

या कारभाराचं गांभीर्य पाहायचं तर दाखल-खारीज रजिस्टर उघडा. जुन्या शाळांतून त्याचे कागद तपकिरी पडलेत, कडा चुरगळल्यात. नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण, आणि शेवटी मुख्याध्यापकाची सही. पूर्वी घरी तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून किंवा १ जुलै लिहून मोकळे होत. सरकारी कचेऱ्यांत निवृत्तीचे निरोप समारंभ मे-जूनअखेर दाटीने येतात, ते त्याच शाईमुळे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हीच जुनी रजिस्टरं बाहेर निघाली. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा गुरुजीचं अक्षर आज त्या मुलांच्या नातवंडा-पणतवंडांच्या जात-दाखल्याला पुरावा होतं. शाळेत अठरा मुलं असोत की अठराशे, त्या सहीची किंमत तीच.

हल्ली लहान शाळांना उदाहरण दिलं जातं ते दत्तात्रय वारे गुरुजींचं. वाबळेवाडीच्या शाळेनंतर त्यांनी जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा उभी केली. २०२५ मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या पुरस्कारांत तिला लोकपसंतीचा मान मिळाला. मनापासून अभिनंदन. पण ते तिथे गेले तेव्हा शाळेचा पट हाताच्या बोटांवर मोजण्याइतका होता, हेही सांगा ना! त्या पटाला नियमाने मुख्याध्यापकाचं पद बसलंच नसतं.

पट हीच कसोटी कशी झाली? ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत राज्यभर मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली. बोगस पटाला आळा बसायलाच हवा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेव्हापासून शाळेकडे पाहणाऱ्याची नजर हजेरीपटाच्या बेरजेवरून पुढे सरकेना, हे नुकसान मोठं.

जून संपता संपता आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतील. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, म्हणजे तुम्हीच. पहिल्याच बैठकीला जा. आपल्या शाळेत मुख्याध्यापक मंजूर आहे की प्रभारी, एवढं विचारा. प्रभारी असेल तर पूर्ण पदाच्या मागणीचा ठराव लिहून घ्या, सह्या करा आणि त्याची प्रत पंचायत समितीत देऊन पोच घ्या.