शब्द पाळायला लावणारा कायदा



दिलेला शब्द मोडला तर कायदा काय करतो? नेहमीचे उत्तर आहे, नुकसानभरपाई देववितो. व्यापाऱ्याने ठरलेला गहू दिला नाही, तर तो दुसरीकडून घ्यावा आणि भावातला फरक पहिल्याकडून वसूल करावा. पण घराचे तसे नाही. समजा, आपण साठेखत केले, इसार दिला, पुढे भाव चढले आणि मालक म्हणू लागला, "इसार परत घ्या, वर चार पैसे जास्त देतो." त्या पैशांत तेच घर, तीच आळी, तोच शेजार कोठून आणावयाचा? अशी उणीव पैशाने भरून येत नाही, म्हणून न्यायालय मूळ करारच पुरा करावयास लावते. १८७७ चा कायदा आणि त्याच्या जागी आलेला १९६३ चा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, या दोहोंतही हा उपाय आहे. हुकूमनामा होऊनही मालक अडून बसला, तर त्याच्या वतीने न्यायालय खरेदीखत करून देऊ शकते.

मग माणसालाही असेच बांधता येईल काय? इंग्लंडात १८५२ साली हा प्रश्न उभा राहिला. योहाना वाग्नर या गायिकेने बेंजामिन लम्ली यांच्या नाट्यगृहात गाण्याचे व त्या काळात अन्यत्र न गाण्याचे कबूल केले होते. अधिक पैसे मिळताच ती दुसरीकडे वळली. न्यायालयाने तिला दुसरीकडे गाण्याची मनाई केली. पण लम्लींकडे गाण्याची सक्ती केली नाही. माणसाच्या बदली दस्तऐवजावर सही करता येते, त्याच्या बदली गाता येत नाही. आणि बळजबरीने गाववून घेतलेले गाणे कोण ऐकणार? आपल्या कायद्यातही व्यक्तीच्या गुणांवर अवलंबून असलेला करार असा बजावून घेता येत नाही.

पूर्वी हा उपाय देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर असे. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो विवेक पुष्कळ आवरला आणि खरेदीदाराची बाजू बळकट केली. पण एक अट कायम आहे. आपला वाटा पुरा करण्याची तयारी आणि इच्छा आपल्यापाशी होती, हे वादीने सिद्ध केले पाहिजे. पैशाची सोय नाही, किंवा असूनही चालढकल केली, तर दावा फसतो. मुदतही तीनच वर्षांची : करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून.

म्हणून साठेखत कपाटात ठेवून निश्चिंत झोपणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच की, पैशाची जुळणी ठेवा, पत्रे जपा, तारीख विसरू नका. दुसऱ्याला शब्द पाळायला लावावयाचा, तर आधी आपला पाळण्याची तयारी हवी.