संगणकाचा हरवलेला दुभाषा



विंडोज नव्याने टाकल्यावर घरचा संगणक मुका होतो, इंटरनेटही धरत नाही. आणि जव्हार-मोखाड्याचा शिक्षक बिचारा तो उचलून नाशिकला नेतो. यंत्र बहुधा धडधाकटच असते. हरवलेला असतो ड्रायव्हर. पहिलीतील वारलीभाषी मुलासाठी शिक्षक दुभाषा होतो, तसा यंत्राचा भाग व विंडोज यांमधला हा दुभाषा.

'डिव्हाइस मॅनेजर' उघडावे; ज्या नावापाशी पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह दिसेल, तेथे अडचण समजावी. परंतु नेटवर्कचाच ड्रायव्हर नसेल तर तो आणावा कोठून? मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट संगणकास द्यावे. रेंज नसलेल्या पाड्यावर मात्र विंडोज टाकण्यापूर्वीच, संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा.