ध्रुवीय प्रकाश : तो का आणि कोठे दिसतो?



ध्रुवप्रदेशातील दीर्घ रात्री आकाशात हिरव्या-तांबड्या प्रकाशाचे पडदे हेलकावे घेताना दिसतात. बर्फाने साठवलेले तेज रात्री बाहेर पडत असावे, असाही तर्क पूर्वी युरोपात केला जात असे. वस्तुतः हा प्रकाश आपल्या वातावरणाचाच असतो. सूर्य केवळ त्याला चेतवणारी ऊर्जा पुरवतो.

सूर्यापासून विद्युत्‌भारित कणांचा प्रवाह अखंड बाहेर पडत असतो. त्याला सौर वारा म्हणतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढालीप्रमाणे त्याला बाजूस सारते. परंतु त्याच्या रेट्यामुळे या क्षेत्राची रात्रीकडील बाजू लांब शेपटीसारखी ताणली जाते आणि तीत ऊर्जा साठते. ही ऊर्जा मोकळी झाली की इलेक्ट्रॉन बलरेषांच्या अनुरोधाने वेगाने खाली येतात व हवेतील अणुरेणूंवर आदळतात. आघातातून मिळालेली ऊर्जा अणुरेणू प्रकाशरूपाने परत देतात. नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्केलँड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निर्वात पेटीतील चुंबकीय गोलावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, तेव्हा गोलाच्या ध्रुवांभोवती प्रकाश उमटला.

आता रंगांविषयी. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू हिरवा प्रकाश देतात. २०० किलोमीटरच्या वर तेच अणू तांबडा प्रकाश देतात. चेतलेल्या अणूला हा तांबडा प्रकाश बाहेर टाकण्यास जवळजवळ दोन मिनिटे लागतात. दाट हवेत तेवढ्या अवधीत टक्कर होऊन त्याची ऊर्जा हिरावली जाते. म्हणून तांबडा रंग उंचावरील विरळ हवेतच खुलतो.

हा प्रकाश प्रत्यक्ष ध्रुवावर नव्हे, तर भूचुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका कड्यात सर्वाधिक दिसतो. उत्तरेकडील भूचुंबकीय ध्रुव कॅनडाच्या बाजूस सरकलेला आहे. त्यामुळे कॅनडातील येलोनाइफ आणि सायबेरियातील याकुत्स्क ही दोन्ही शहरे ६२ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असूनही येलोनाइफला तो वारंवार दिसतो, याकुत्स्कला क्वचितच. नॉर्वेतील ट्रोम्सो, स्वीडनमधील किरुना आणि अलास्कातील फेअरबँक्स याच कड्याखाली येतात. दक्षिणेचे कडे अंटार्क्टिकावर असून तेथील 'मैत्री' या भारतीय केंद्रावरूनही हे दृश्य दिसते.

सौर वादळ प्रबळ असले की हे कडे विषुववृत्ताकडे पसरते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्रज खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक प्रखर उद्रेक पाहिला. साडेसतरा तासांच्या सुमारास वादळ पृथ्वीवर थडकले. क्यूबापर्यंत आकाश उजळले, अनेक ठिकाणची तारायंत्रे बिघडली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत तेव्हा चुंबकीय तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. त्या वादळाचे मोजमाप करताना संशोधक आजही या नोंदीचा आधार घेतात. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर खुद्द मुंबईतून हा प्रकाश दिसल्याचे वृत्त आहे. १०-११ मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हान्ले येथील कॅमेऱ्यांनी तांबडी आभा टिपली. तेथे केवळ तांबडाच रंग का दिसावा? पृथ्वीच्या गोलाईमुळे प्रकाशाचा खालचा हिरवा भाग क्षितिजाआड राहतो आणि सर्वांत उंच भाग तेवढा दृष्टीस पडतो.

मात्र ज्या वादळाने दूरच्या देशांचे आकाश रंगते, तेच जमिनीवरील तारांतूनही विद्युत्‌प्रवाह निर्माण करते. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीजव्यवस्था दीड मिनिटात कोलमडली आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. २०२३ साली भारताने सोडलेले 'आदित्य-एल१' हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहून सौर वाऱ्याचे मापन करते. तेथून गेलेला झोत पृथ्वीपर्यंत येण्यास साधारणपणे अर्धा ते एक तास लागतो. उपग्रह व वीजवाहिन्या सांभाळणाऱ्यांना सावध होण्यासाठी एवढाच अवधी हाती असतो. म्हणून आपल्या उत्तर क्षितिजावर कधी तांबडी आभा उमटली, तर तिच्या सौंदर्याबरोबर तिचा इशाराही आपण ओळखला पाहिजे.