मूत्राची नवी वाट

कर्करोग मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोहोचला, की पुष्कळदा मूत्राशयच काढावे लागते. मग मूत्रपिंडांतून अहोरात्र झिरपणाऱ्या मूत्राने जावे कोठे? अमेरिकेतील सेंट लुईसचे शल्यविशारद युजीन ब्रिकर यांनी १९५० साली वर्णिलेली योजना आजही प्रचलित आहे. लहान आतड्याचा सुमारे १५ ते २० सेंटिमीटरांचा तुकडा वेगळा करून मूत्रपिंडांकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या त्यास जोडतात आणि त्याचे मोकळे तोंड, बहुधा उजव्या बाजूस, पोटावर आणतात. या तोंडास आवळून धरणारा स्नायू नसतो. म्हणून तेथे पिशवी चिकटवावयाची, आणि तीही जन्मभर.

रुग्ण घरी परतला की खरी परीक्षा सुरू होते. ते लालबुंद, ओलसर तोंड पाहून घरची माणसे बिचकतात. वस्तुतः ते आतड्याचेच अस्तर. हात लागला तरी दुखत नाही. मूत्रात पांढरे तंतू दिसले, तर तेही भयाचे कारण नव्हे. आतडे आपला स्वभाव सोडीत नाही. ते श्लेष्मा स्रवतच राहते.

पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली, की रिकामी करावी. जड झाली तर ती कातडीपासून सुटते. रात्री तिला नळीने मोठी पिशवी जोडली, म्हणजे झोपमोड टळते. बदलावयाची ती सकाळी चहापाण्यापूर्वी, कारण तेव्हा प्रवाह मंद असतो. गळतीच्या धास्तीने कित्येक जण पाणीच तोडतात. याने मूत्र दाट होते, वास वाढतो आणि जंतुदोषास वाव मिळतो. ताप, कंबरेत कळ किंवा अडलेला प्रवाह, यांपैकी काहीही दिसल्यास मात्र घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

आपल्याकडे यास सोवळ्याओवळ्याची जोड मिळते. असा मनुष्य देवघरात कसा जाईल, पंक्तीस कसा बसेल, हे उघडपणे सहसा कोणी विचारीत नाही. रुग्णच स्वतःला विचारतो आणि हळूहळू आपले ताट वेगळे मांडून घेऊ लागतो. मूत्राशय शाबूत होते, तेव्हाही मूत्र त्याच्या अंगातच होते की!

क्लीव्हलँडचे शल्यविशारद रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ साली नॉर्मा गिल यांना रुग्णांना शिकविण्याच्या कामी घेतले. त्यांच्या स्वतःच्या पोटावर आतड्याचे असेच तोंड होते. पिशवी कशी सांभाळावी हे त्या अनुभवाने सांगत. घरच्यांनी पहिल्या दिवसांत पिशवी अवश्य बदलून द्यावी. पुढे मात्र आरसा रुग्णाच्या हाती द्यावा आणि आपण खोलीबाहेर थांबावे.