भोंगा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला 'आयटीतले अनुभव' हा विषय दिला होता. पण ते तुम्ही रोज घरीच ऐकता. अर्ध्या वर्गाच्या घरात कुणी ना कुणी हिंजवडीला जातंच. म्हणून आज मी एका जपानी बँडबद्दल बोलणार आहे. घाबरू नका, गाणार नाही.

आमचा क्लायंट जपानी. त्यांच्याशी बोलण्यापुरतं जपानी शिकत होते, तेव्हा माझ्या मुलीने 'बेबीमेटल' ऐकवलं. आधी वाटलं, दोन गाणी एकदम सुरू झालीत. एकीकडे गोड आवाजात गाणाऱ्या, ठेक्यावर नाचणाऱ्या मुली आणि मागे प्रेसशॉपसारखा दणदणाट.

जपानमध्ये 'आयडॉल' नावाचा प्रकार आहे. कोवळ्या वयाच्या मुली, सारखे कपडे, गोड गाणी, बसवलेले नाच. २०१० मध्ये 'साकुरा गाकुइन' नावाचा असा एक गट निघाला. त्याची सगळी कल्पनाच शाळेची. गटातल्या मुली म्हणजे विद्यार्थिनी, आणि आपल्या नववीएवढ्या झाल्या की निरोप समारंभ. शाळेत असतात तसे क्लबही होते. त्यातला जड संगीताचा क्लब म्हणजे बेबीमेटल. त्यात सुझुका, युई आणि मोआ अशा तीन मुली होत्या. मेटल म्हणजे काय हे तिघींनाही माहीत नव्हतं. मेटलवाले हाताच्या बोटांनी शिंगं दाखवतात. यांना त्यात कोल्ह्याचं तोंड दिसलं, आणि कोल्हा हीच त्यांची खूण झाली. मार्च २०१३ मध्ये सुझुका त्या 'शाळे'तून बाहेर पडली. खरं तर तेव्हा क्लब बंद व्हायचा, पण तो चालू राहिला. एप्रिल २०१६ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली अरीनात मुख्य कार्यक्रम करणारा तो पहिला जपानी बँड ठरला. गंमत म्हणजे मूळ 'शाळा' २०२१ मध्ये बंद झाली, क्लब अजून आहे.

मेटल मला परकं का वाटलं नाही, याचं उत्तर आपल्या गावात आहे. हे संगीत जन्मलं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला, म्हणजे त्यांच्या पिंपरी-चिंचवडला. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोप्या केल्या, पुढे तारा सैल केल्या, आणि त्यातून तो जड, खर्जातला आवाज आला. आमच्या चाळीतल्या एका काकांचीही दोन बोटं अशीच प्रेसमध्ये गेली होती. ते तबला वाजवायचे. नंतर कधी वाजवला नाही.

आता जे सांगायला उभी राहिले, ते सांगते.

बेबीमेटलचं जानेवारी २०१३ मध्ये आलेलं एक गाणं आहे, 'इजिमे, दामे, झेत्ताई'. इजिमे म्हणजे वर्गातल्या एखाद्याला सगळ्यांनी मिळून छळणं. दामे म्हणजे चालणार नाही. झेत्ताई म्हणजे कोणत्याही परिस्थितीत. क्लासच्या वहीत हे तीन शब्द लिहून घेताना माझा हात थांबला.

नववीच्या गॅदरिंगची तालीम आठवते? आपल्या वर्गातली एक मुलगी गायला उभी राहिली. आवाज मोठा, घोगरा, पार मैदानापर्यंत जाणारा. पहिल्या पाळीचा भोंगा वाजावा तसा. मी शेजारणीच्या कानात म्हटलं, "भोंगा." दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर लिहिलेलं होतं. वर्षभर आपण तिला त्याच नावाने हाक मारली. गॅदरिंगला ती गायली नाही. प्रार्थनेलाही नुसते ओठ हलवायची. मी मागच्याच रांगेत असायचे, मला दिसायचं. ते नाव कुणी ठेवलं हे बाईंनी विचारलं होतं, तेव्हा मी गप्प बसले.

बाई, ते मी ठेवलं होतं.

बेबीमेटल ऐकताना मला सारखं वाटतं, की कुणीतरी त्या मुलींना म्हणालं असेल, गोड आवाजाच्या मागे एवढा गोंगाट शोभत नाही. पण कुणीतरी दोन्हीला जागा दिली. २०२५ मध्ये दिल्लीचा ब्लडीवुड हा ढोलवाला मेटल बँड आणि बेबीमेटल यांनी मिळून 'बेखौफ' नावाचं गाणं केलं. आपल्या वर्गात एका वेगळ्या आवाजाला चाळीस मिनिटांची तालीमही मिळाली नाही.

ती आज आलेली नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण त्र्याहत्तर जण आहोत, त्यात ती नाही. मागच्या महिन्यात यादी करताना कुणीतरी विचारलं, "भोंगाचा नंबर आहे का?" आणि सगळ्यांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या. मीही वाचून पुढे गेले.

माझी एवढीच विनंती. कुणाला ती कुठे आहे हे माहीत असेल, तर मला सांगा. फोन मी करेन. माफी मागायची ती मीच मागेन. ती ऐकेल की नाही, हे तिने ठरवावं. आणि पुढच्या वेळी यादी कराल तेव्हा तिचं हजेरीपटावरचं नाव लिहा.