चिंगहाओ : एका चिनी वनौषधीचा शोध

जुन्या वैद्यकग्रंथांविषयी दोन टोकांची मते नेहमी ऐकू येतात. कोणी म्हणतो, त्यांत सर्व काही आहे. कोणी म्हणतो, त्यांत काहीच नाही. चीनमधील चिंगहाओ या वनस्पतीची हकीकत दोन्ही पक्षांनी ऐकण्याजोगी आहे. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच जातकुळीतील.

१९६० नंतरच्या दशकात हिवतापाचे जंतू क्लोरोक्विनला दाद देईनासे झाले. व्हिएतनामच्या युद्धात या तापाने सैनिक जर्जर होऊ लागले. तेव्हा २३ मे १९६७ रोजी चीनमध्ये एक गुप्त संशोधन-योजना सुरू झाली. त्या तारखेवरून तिला ‘५२३’ हे नाव पडले. पुढे १९६९ मध्ये बीजिंगच्या श्रीमती तू यूयू या विदुषींकडे वनौषधींच्या शोधाचे काम आले. त्यांनी सुमारे दोन हजार पाठ जमविले आणि सुमारे दोनशे वनस्पतींचे अर्क काढून उंदरांवर त्यांची परीक्षा केली. चिंगहाओच्या अर्काचा गुण एकदा दिसे, दुसऱ्यांदा दिसत नसे.

या कोड्याची किल्ली चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात मिळाली. इतर वनस्पतींचा काढा उकळावा लागे. येथे मात्र पाला पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा, असे सांगितले होते. उष्णतेनेच गुण नष्ट होत असावा, असे त्यांनी ताडले. मग त्यांनी सुमारे ३५ अंशांवर उकळणारे ईथर वापरले. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाचा अर्क उंदरांवर पूर्णपणे गुणकारी ठरला. १९७२ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रथम स्वतः घेऊन पाहिला आणि मगच हैनान बेटावरील रुग्णांना दिला. त्याच वर्षी शुद्ध स्फटिक हाती आले. तेच आर्टेमिसिनिन होय. त्याच्या रेणूत प्राणवायूच्या दोन अणूंचा एक नाजूक सेतू आहे. जंतूच्या शरीरातील लोहाने तो तुटतो आणि त्यातून निघणारी दाहक द्रव्ये जंतूचाच नाश करतात. या शोधाबद्दल श्रीमती तू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणून कोणी घरी या पाल्याचा काढा करून पिऊ नये. त्यात औषधाची मात्रा अनिश्चित असते आणि अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात. याच धोक्यामुळे आर्टेमिसिनिनपासून केलेली औषधे आज दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच देतात. ग्रंथाने दिशा दाखविली खरी, पण रुग्णाच्या हाती औषध द्यावयाचे, तर त्याआधी मोजमाप आणि प्रयोग यांची परीक्षा उतरावीच लागते.