दोघंबी शेवटाला जगत्यात असं पुस्तक

(शिरोली एमआयडीसीत कामगार मित्रांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. बोलताना राहिलेलं थोडं मागाहून घातलंय.)



मी गोदी कामगार. न्हावा शेव्याला कंत्राटावर आहे. कंटेनरात माल भरायचा, कंटेनरातला माल उपसायचा, हाच धंदा. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो, पण कवितेवर चूल पेटत नाही म्हणून पाठ वापरतो. तुमच्या ह्या शिरोलीत ओतलेलं लोखंड लाकडी पेट्यांतून आमच्याकडं येतं आणि बोटीवर चढून परदेशाला जातं. म्हंजे तुमच्या घामाच्या लोखंडाला पासपोर्ट मिळतो. तुम्हाला-मला नाही.

मला सांगितलं होतं, "दलित कविता आणि कामगार" ह्यावर बोल. मी त्यावर बोलणार नाही. आज मी पुस्तकांवर बोलणार आहे, आणि पुस्तकंही कसली? पुरुषानं पुरुषावर केलेल्या प्रेमाची. शिवाय जादू, राक्षस, उडते घोडे असल्या अद्भुत राज्यांची. हसा. हसून घ्या आत्ताच. हे मागच्या रांगेतलं हसू मला चांगलं ठाऊक आहे. कैक वर्षं मीसुद्धा हेच हसलोय.

आता मी का हसत नाही ते सांगतो.

इथंच, हायवेच्या ह्या अंगाला, एका फाउंड्रीत माझा एक दोस्त फेटलिंगला होता. दिवसभर ग्राइंडर धरायचा आणि कास्टिंगच्या कडा घासायच्या. आमच्याच वस्तीतला, आमच्याच विहारात वंदना म्हणणारा. भाड्याची खोली, खोलीत सात जण. एका रात्री कुणीतरी त्याचा मोबाईल उघडला. आत एका पोराचे मेसेज होते. प्रेमाचे. बाकी काही नाही. रात्री शिव्या झाल्या, दोन थोबाडीत झाल्या, आणि पहाट व्हायच्या आत त्याची वळकटी अन् पेटी दाराबाहेर. काढणारे कोण? भट नव्हता, मालक नव्हता, पोलीस नव्हता. सातांतले पाच आपले होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. आणि मी? सुट्टीला गावाकडं आलेलो, त्या रात्री त्याच खोलीत पाहुणा म्हणून झोपलो होतो. मी काय केलं? तोंडावर चादर ओढून घेतली.

सकाळी मी त्याला एष्टी स्टँडवर गाठला. शरमेनं तोंड वर होईना. त्यानं मला शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "तू लई पुस्तकं वाचतोस. मराठीत असं एखादं पुस्तक हाय का, ज्यात दोघंबी शेवटाला जगत्यात?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून शोधतोय. जे सापडलं त्याचा हिशेब द्यायला आज उभा आहे.

पहिलं, विजय तेंडुलकरांचं नाटक "मित्राची गोष्ट". १९८१ साली रंगभूमीवर आलं. एका मुलीला मुलगी आवडते, ही गोष्ट मराठी स्टेजवर उजेडात मांडायची म्हंजे त्या काळात छाती पाहिजे होती. मानतो. पण शेवटी मित्रा मरते. जीव देते. दोस्ताच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे.

दुसरं, बिंदुमाधव खिरे यांची "पार्टनर", २००५ सालची. ह्या माणसानं २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट काढली आणि लाज धरून बसलेल्या पोरांशी मराठीत बोलायला सुरुवात केली. इंग्रजीत नाही, मराठीत. हे काम किती मोठं आहे ते ज्याला इंग्रजी येत नाही त्यालाच कळतं.

तिसरं, सचिन कुंडलकरांची "कोबाल्ट ब्लू", २००६. जेरी पिंटोंनी तिचं इंग्रजी केलं ते २०१३ साली, आणि २०२२ साली सिनेमाही आला. तनय आणि अनुजा हे भाऊबहीण. घरात एक पोरगा पेइंग गेस्ट म्हणून राहायला येतो. दोघंही त्याच्यावर जीव टाकतात आणि तो दोघांनाही टाकून जातो. चांगली कादंबरी आहे. मी ती दोनदा वाचली, एकदा तर बंदराच्या गेटबाहेर ट्रकच्या सावलीत बसून. रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण वाचताना सारखं घर डोळ्यांपुढं येत होतं. पुण्यातलं घर. भाड्यानं द्यायला जास्तीची खोली असलेलं घर! माझा दोस्त आणि तनय, दोघांचं दुःख एकच असेल. पण तनयला रडायला कोपरा आहे. आमच्या खोलीला आतून कडी आहे आणि कडीच्या आत सात जण आहेत. प्रेमाला जागा लागते, भावांनो. गावात वस्ती वेगळी, पाणवठा वेगळा, स्मशान वेगळं. जागेचं राजकारण आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग मी मोबाईलवर शिरलो. रात्रपाळीत दोन कंटेनरांच्या मधल्या वेळेत वाचत गेलो. मोडकंतोडकं हिंदी, मोडकंतोडकं इंग्रजी, अडलं तिथं अनुवादाचं बटण. तिथं भरपूर सापडलं. राजपुत्र आणि त्याचा अंगरक्षक. जादूगार आणि त्याचा शिष्य. लढाया, शाप, अजगर, आणि शेवटाला दोघं जिवंत, एका छपराखाली. मी भराभर वाचत सुटलो. आवडलं, अगदी मनापासून आवडलं. प्रेम केलं म्हणून पाप लागत नाही, प्रेम केलं म्हणून कुणी मरत नाही, असं जग कुणीतरी रचतंय, हेच केवढं!

पण आपण आंबेडकरी पोरं. गोड लागलं म्हणून डोळे मिटून गिळत नाही. चार-पाच कथा झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की ह्या राज्यांत नायक नेहमी जन्मानंच थोर. झोपडीत वाढला असला तरी शेवटी तो राजाचाच पोरगा निघतो. रक्तातच जादू. अरे, हे तर मनूचंच राज्य! फक्त वर अजगर उडतायत. राजपुत्र आणि अंगरक्षक महालात मिठीत पडलेत, ठीक आहे, पडू द्या. पण त्या महालाचा संडास कोण साफ करतं? त्याचं प्रेम कुणावर आहे? त्याची गोष्ट का नाही?

हे मी आमच्या एका कार्यकर्त्या दादाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "सोड ते. ही पांढरपेशांची चैन आहे. आपलं साहित्य जखमेचं साहित्य." मी दादाचा आदर करतो. "बलुतं" १९७८, "उपरा" १९८०, "अक्करमाशी" १९८४, ह्या पुस्तकांनी मला माझ्या बापाची भाषा छापील करून दिली. त्यांच्यापुढं मी वाकतो. पण दादा, जखम दाखवायचं काम जन्मभर आपल्यालाच का? प्रस्थापितांना आपलं रक्त वाचायला आवडतं. ते वाचून चुकचुकतात आणि पुस्तक कपाटात ठेवतात. दलितानं दुःख लिहावं आणि स्वप्न त्यांनी लिहावं, ही वाटणी कुणी केली? ही साहित्यातली चातुर्वर्ण्यव्यवस्था आहे.

आणि आपल्या पूर्वजांनी स्वप्नं रचली नाहीत, असं कोण म्हणतं? रैदासांनी बेगमपुरा नावाचं शहर रचलं, जिथं दुःख नाही, कर नाही, कुणी दुय्यम नाही. कुठल्या नकाशावर होतं ते? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली "गुलामगिरी" लिहिली, त्यात काय केलं? मत्स्य, वराह, वामन, एकेक अवतार घेतला आणि विचारलं, ही अद्भुत कथा कुणी रचली, कुणाच्या फायद्याची? मग ती उलटी करून बळीला आपला राजा म्हणून उभा केला. म्हंजे अद्भुत कथा कशी वाचावी हे मराठी माणसाला जोतीरावांनी शिकवलं. फेकून द्यायची नाही. उलटी करून वाचायची.

"गुलामगिरी"ची अर्पणपत्रिका आठवा. जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, काळ्या गुलामांना मुक्त केलं म्हणून. त्याच अमेरिकेतल्या एका काळ्या लेखकाचं पुस्तक मला शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या एका मित्रानं ओळ-ओळ मराठी करून ऐकवलं. लेखकाचं नाव सॅम्युएल डिलेनी. जन्म १९४२, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. स्वतः पुरुषांवर प्रेम करणारा. त्यानं १९७९ ते १९८७ ह्या काळात नेव्हेरिऑन नावाच्या कल्पित देशाची चार पुस्तकं लिहिली. त्या देशात गुलामांच्या गळ्यात लोखंडी कडं असतं. नायक गॉर्गिक हा राजपुत्र नाही. तो खाणीत राबलेला गुलाम आहे. तो सुटतो आणि बाकीच्या गुलामांना सोडवायला उठतो, आणि ह्या लढ्यात त्याचा साथी तोच त्याचा प्रियकर. मी ऐकताना उठून बसलो. लोखंडी कडं! आपल्या गळ्यात मडकं होतं, कमरेला झाडू होता. ही परीकथा माझ्या ओळखीची निघाली.

सगळं पटलं असं नाही. त्या दोघांच्या शृंगारातही तेच कडं येतं. गुलामीची खूण प्रेमात कशाला, ह्यावर मी मित्राशी रात्रभर भांडलो. अजून माझं मत पक्कं झालेलं नाही. पण भांडावंसं वाटलं, ह्याचा अर्थ पुस्तक जिवंत आहे. त्याच मालिकेत १९८५ साली त्यानं एड्सच्या साथीवर लिहिलं, जेव्हा लोक त्या रोग्यांना शिवत नव्हते. शिवत नव्हते! हा शब्द आपल्याला नवा आहे का?

आता पँथरांकडं येऊ. आपल्या पोरांनी १९७२ साली मुंबईत दलित पँथर काढली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्या ब्लॅक पँथरचा पुढारी ह्युई न्यूटन. त्यानं १५ ऑगस्ट १९७० ला आपल्या लोकांना सांगितलं, की समलिंगी माणसांबद्दल आपल्या मनात जी भीती आहे ती तपासा, त्यांच्या चळवळीशी हात मिळवा, आणि त्यांना हिणवणारे शब्द आपल्या भाषेतून काढून टाका, शत्रूलासुद्धा त्या शिव्या देऊ नका. आपण नाव घेतलं, आवेश घेतला. हा कागद मात्र तिकडंच राहिला. मोर्च्यात आपण मंत्र्याला काय म्हणतो? "छक्का", "बायल्या", आणि त्याहून खालचं. मंत्र्याला त्यानं काही होत नाही. त्याच मोर्च्यात घोषणा देत चालणारा आपला पोरगा मात्र आतल्या आत मरतो. मीही ह्या शिव्या कवितेत वापरल्यात. विद्रोह म्हणून वापरल्यात. त्या कविता मी परत घेतो.

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशी खूळ. बरं, मग घरचं सांगतो. ह्याच हातकणंगले तालुक्यात माणगाव आहे. १९२०च्या मार्चात तिथल्या परिषदेचे अध्यक्ष होते तरुण बाबासाहेब. त्याच बाबासाहेबांनी १९३४ साली मुंबई हायकोर्टात कुणाचं वकीलपत्र घेतलं? र. धों. कर्व्यांचं. कर्वे १९२७पासून "समाजस्वास्थ्य" मासिक चालवत होते. वाचक लाजत-लाजत कामजीवनाचे प्रश्न पाठवायचे आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. हस्तमैथुनावर, समलिंगी संबंधांवर. सनातन्यांनी अश्लीलतेचा खटला भरला. बाबासाहेब उभे राहिले. त्यांची बाजू अशी, की लैंगिक विषयावर लिहिलेलं सगळं अश्लील नसतं. लोक प्रश्न विचारत असतील तर उत्तर ज्ञानानं द्यायला पाहिजे. समलिंगी आकर्षणाबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिसचा आधार दिला. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण वकीलपत्र कोणत्या बाजूचं होतं ते इतिहासात नोंदलंय.

ती पत्रं पाठवणारे वाचक कोण होते, ह्याचा मी विचार करतो. माझ्या दोस्तासारखेच असतील. कुणालातरी विचारायचंय, विचारायला माणूस नाही, म्हणून मासिकाला विचारायचं. त्याच्या प्रश्नावर मी तोंडावर चादर ओढली होती. बाबासाहेब कोर्टात उभे राहिले होते. फरक एवढाच, आणि एवढा.

पुढं ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं, तेव्हा निकालात बाबासाहेबांची संविधानिक नैतिकता आली. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात मिळाला नाही. कायदा अर्ध्या वाटेवर आहे. आणि आपल्या खोल्या? त्या अजून निघाल्यासुद्धा नाहीत.

आपल्या ह्या मुलखात साडी नेसलेला जोगत्या डोक्यावर जग घेऊन दारात आला तर आपण सुपातून जोंधळे घालतो, पाया पडतो. राजन गवसांच्या "भंडारभोग"मध्ये त्या जिण्याचं काय होतं ते वाचा. देवीच्या नावानं पुरुषाला बाई केलेलं आपल्याला चालतं. प्रेमाच्या नावानं दोन पुरुष एका खोलीत चालत नाहीत. हा कुठला धम्म?

मला भाषणाआधी एकानं विचारलं, "तू त्यातला हायस का?" मी त्याला सांगितलं, कर्व्यांच्या बाजूनं उभं राहायला बाबासाहेबांना कर्वे व्हावं लागलं नाही. आणि मी असलो, तरी उत्तर असल्या दबक्या आवाजातल्या प्रश्नाला देणार नाही.

मागणं दोनच आहे. आपल्या वाचनालयात ही पुस्तकं ठेवा, उघड्या फळीवर ठेवा. आणि लिहा. जखम लिहा, पण जखम भरल्यावरचं जगही लिहा. मोल्डिंगवाल्याची, भट्टीवाल्याची, फेटलिंगवाल्याची परीकथा लिहा. ज्याच्या रक्तात जादू नाही, हातात आहे, असा नायक आणा.

दोस्त आता दुसऱ्या शहरात आहे, काम करतो. मागल्या महिन्यात मी फोन केला, माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पुस्तक घावलं का?" मी म्हटलं, मला पाहिजे तसलं अजून नाही. म्हणून लिहायला घेतलंय. दोन फाउंड्रीवाले आहेत, पंचगंगा आहे, पुराचं पाणी हायवेवर आलंय, आणि पाण्यात एक अजगर आहे. शेवट ठरलाय. दोघंही जगतात.

जयभीम.